घरचा जमाखर्च : सबवूफर घेण्यापूर्वी



दूरचित्रवाणी संच जसजसे पातळ होत गेले, तसतसा त्यांचा आवाजही पातळ होत गेला. भिंतीला तसबिरीसारख्या चिकटून बसणाऱ्या संचात स्पीकरच्या पडद्याला मागेपुढे हलण्यास जागाच उरत नाही. मग घरात साउंडबार किंवा दोन छोटे स्पीकर येतात. वर्ष-दोन वर्षांत ‘आवाजात दम नाही’ अशी तक्रार सुरू होते आणि कोपऱ्यात ठेवावयाच्या आणखी एका पेटीची, म्हणजे सबवूफरची, चर्चा रात्रीच्या बैठकीत रंगू लागते.

कापड व्यवसायातील एका वाचकबंधूंचे याच विषयावरचे पत्र आले आहे. त्यांच्या चिरंजीवांना बारा इंची सबवूफर हवा आहे. त्याच्या खोक्यावर ‘हजार वॅट’ असे ठळक छापलेले आहे. खर्चाची मर्यादा पंचवीस हजारांची. घर तिसऱ्या मजल्यावरील सदनिका, दिवाणखाना बारा फूट लांब व बारा फूट रुंद. एका भिंतीपलीकडे मातुःश्रींची खोली, जेथे त्या सकाळ-संध्याकाळ सामायिक करतात. दुसऱ्या भिंतीपलीकडे शेजारी. प्रश्न एका ओळीचा आहे : कोणत्या कंपनीचा घ्यावा?

कंपनीचे नाव हा या खरेदीतील शेवटचा प्रश्न आहे, असे माझे मत आहे. घरात काय ऐकले जाते हा पहिला, खोलीचे माप हा दुसरा आणि भिंतीपलीकडे कोण आहे हा तिसरा. मातुःश्रींच्या खोलीचा उल्लेख पत्रात जाताजाता आला आहे; मला मात्र संपूर्ण पत्रात तोच सर्वांत मोलाचा वाटला. त्याकडे येतोच.

मनुष्याच्या कानाला सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० पर्यंत कंपने असलेला ध्वनी ऐकू येतो. ही कंपने हर्ट्झमध्ये मोजतात. त्यांतील तळाचा भाग, साधारणतः ८० हर्ट्झच्या खालचा, वाजविण्याचे काम सबवूफर करतो. गायकांच्या भाषेत सांगावयाचे तर खर्ज आणि त्याच्याही खालचा प्रदेश. आता आपल्या घरात या प्रदेशातील माल किती खपतो, याचा अंदाज घेऊ. पुरुषाचा बोलण्याचा आवाज सुमारे ८५ हर्ट्झच्या वर सुरू होतो, स्त्रीचा त्याहून बराच वर. म्हणजे ज्या घरात मुख्यतः प्रवचने ऐकली जातात, तेथे सबवूफरला काम जवळजवळ नाहीच. उलट त्याचे बटण जरा अधिक फिरविले गेले तर महाराजसाहेबांचे शब्द जाड आणि अस्पष्ट ऐकू येतात. स्तवने, भक्तिगीते, शास्त्रीय गायन यांची गोष्ट थोडी वेगळी. काळी एक या स्वरात गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ७० हर्ट्झला लागते. तीन-चार इंची पडद्याच्या छोट्या स्पीकरमधून ही तार आणि डग्ग्याचा घुमारा पुरता उमटत नाही. तेथे लहानसा सबवूफरही खरा फरक दाखवितो. पाश्चात्त्य वाद्यमेळातील बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झची, तर पियानोची शेवटची पट्टी २७.५ हर्ट्झची. त्याही खाली जे आहे ते संगीत नव्हे. चित्रपटांतील स्फोट, भूकंप, विमाने. १९७४ साली ‘अर्थक्वेक’ नावाच्या अमेरिकन चित्रपटासाठी चित्रपटगृहांत प्रचंड वूफर मुद्दाम बसविले गेले होते, ते प्रेक्षकांना भूकंप अंगावर जाणवावा म्हणून. खोक्यावर ‘५.१’ लिहिलेले असते त्यातील ‘.१’ हा याच गडगडाटाचा स्वतंत्र मार्ग होय.

तेव्हा आधी घरात ठरवावे की आपल्याला तंबोरा हवा आहे की भूकंप. दोन्हींच्या किमतीत बराच फरक आहे, आणि तो का, हे समजून घेतल्यास दुकानदाराशी बोलणे सोपे जाते. ८० हर्ट्झचा स्वर ज्या जोमाने ऐकू येतो त्याच जोमाने ४० हर्ट्झचा ऐकू यावा, तर पडद्याला चौपट हवा ढकलावी लागते. २० हर्ट्झसाठी सोळापट. या नियमातून कोणत्याही कंपनीला सवलत नाही. स्वस्त सबवूफर ४० हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे पोहोचू शकतो. २० हर्ट्झचा दावा तो करीत असेल तर तो दावा कागदावरचा समजावा.

आता त्या हजार वॅटविषयी. आमच्या पिढीला टेपरेकॉर्डरचा जमाना आठवत असेल. हातात मावणाऱ्या संचावर ‘पीएमपीओ’ अशी चार अक्षरे आणि त्यापुढे हजारांतला आकडा. त्या आकड्यामागे कोणतेही सर्वमान्य मोजमाप नव्हते. आजही ‘पीक’, ‘मॅक्स’, ‘डायनॅमिक’ अशा विशेषणांसह येणारे वॅट बाजूला ठेवावेत आणि ‘आरएमएस’, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर सातत्याने देऊ शकेल तो आकडा, विचारावा. तोही फार मनावर घेऊ नये. वॅट दुप्पट केले तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला कळेल इतकाच. १०० ऐवजी २०० वॅटच्या पेटीसाठी जादा पैसे मोजून जे मिळते, त्याहून अधिक वाढ तीच पेटी मोकळ्या जागेतून कोपऱ्यात सरकविल्याने फुकट मिळते. पडद्याच्या आकाराचा हिशेब मात्र जास्त बोलका आहे. आठ इंचांच्या तुलनेत दहा इंची पडद्याचे क्षेत्रफळ दीडपटीहून किंचित अधिक, तर बारा इंचीचे सव्वादोनपट असते.

पत्रकावरील दुसरा आकडा कोठपासून कोठपर्यंत वाजते याचा. येथे आपल्या व्यापारी वाचकांना अधिक सांगण्याची गरज नसावी, कारण बारदानासह वजन आणि निव्वळ वजन यांतील फरक ते रोजच पाहतात. पोल्क ऑडिओ कंपनीच्या पीएसडब्ल्यू-१० या जुन्या व बऱ्याच खपलेल्या दहा इंची सबवूफरचे पत्रक उदाहरणादाखल घेऊ. एकूण पल्ला ३५ ते २०० हर्ट्झ, असा एक आकडा त्यात आहे. आणि ३ डेसिबलहून अधिक घट न होता वाजण्याचा पल्ला ४० ते १६० हर्ट्झ, असा दुसरा. पहिला बारदानासह, दुसरा निव्वळ. शक्तीचेही तसेच : सातत्याने ५० वॅट, क्षणभरासाठी १००. या कंपनीने दोन्ही आकडे छापले हे तिच्या सचोटीचे लक्षण मी मानतो. हे मॉडेल घ्यावे वा घेऊ नये, असे मी सुचवीत नाही. मात्र ज्या पत्रकात ‘वजा ३ डेसिबल’ हे शब्दच नाहीत, तेथे आपण मनातल्या मनात बारदान वजा करून घ्यावे.

पेट्या दोन प्रकारच्या. एक पूर्ण बंद. दुसरी नळीचे तोंड असलेली, तिला पोर्टची पेटी म्हणतात. त्याच किमतीत पोर्टची पेटी अधिक मोठा आवाज देते, पण तिच्या ठरावीक मर्यादेखाली तिचा आवाज कड्यावरून तुटावा तसा तुटतो. बंद पेटीचा आवाज उताराने हळूहळू ओसरतो, आणि लहान खोलीच्या भिंती खालच्या स्वरांना जो आधार देतात त्यामुळे ही घट बरीच भरून निघते. बारा-पंधरा फुटांच्या दिवाणखान्यासाठी बंद पेटी बरी, असे माझे मत आहे. त्याला आणखी एक कारण खास आपल्या घरांचे. पोर्टचे उघडे तोंड म्हणजे झुरळे आणि पालींना आयतेच घर. पेटी चातुर्मासात बरेच दिवस बंद राहिली असेल आणि मुलांनी एके दिवशी एकदम मोठ्याने वाजविली, तर आत वस्ती केलेल्या जीवांचे काय होईल, हे सांगावयास नको. पोर्टची पेटी घेतलीच असेल तर सुरू करण्यापूर्वी विजेरी घेऊन आत पाहावे. पडिलेहणाची सवय असलेल्या घरांत ही गोष्ट जड जाऊ नये.

यानंतर खोली. खर्जाच्या ध्वनिलहरी लांब असतात. ४० हर्ट्झची एक लहर सुमारे साडेआठ मीटरची, म्हणजे २८ फुटांची. आपल्या दिवाणखान्यात ती मावतच नाही. समोरासमोरच्या भिंतींवर आपटून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि काही स्वर फुगतात, काही नाहीसे होतात. कोणता स्वर फुगेल, हे साध्या भागाकाराने काढता येते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर. त्याला भिंतींतील अंतराच्या दुपटीने भागावे. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर, त्याची दुप्पट ७.३२, उत्तर आले ४७ हर्ट्झ. पत्रलेखकांची खोली लांबी-रुंदीला सारखीच असल्याने दोन्ही दिशांचा फुगवटा याच ४७ हर्ट्झवर पडणार. प्रत्येक गाण्यात तोच एक स्वर घुमत राहील आणि दोष पेटीला दिला जाईल. खोली एका बाजूने अठरा फूट असती तर त्या दिशेचा फुगवटा ३१ हर्ट्झवर गेला असता आणि दोन्ही मिळून एकाच स्वरावर भार टाकला नसता. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर हा फुगवटा सर्वाधिक जाणवतो, खोलीच्या मध्यावर असेल तर तोच स्वर गायब होतो. तेव्हा पेटी बदलण्यापूर्वी सोफा फूट-दीड फूट पुढे ओढून पाहावा.

पेटीची जागा शोधण्याची एक जुनी युक्ती जगभर वापरली जाते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटते. सबवूफर उचलून सोफ्यावर, आपण जेथे बसतो नेमका तेथे, ठेवावा. खर्ज सतत वाजेल असे एखादे गाणे लावावे, आणि स्वतः जमिनीलगत कान ठेवून भिंतीच्या कडेकडेने रांगत जावे. ज्या ठिकाणी खर्ज एकसारखा, न घुमता आणि न विरता ऐकू येईल, तेथे खडूने खूण करावी; तीच सबवूफरची जागा. ऐकणारा आणि वाजणारी पेटी यांनी जागांची अदलाबदल केली तरी खोलीचा परिणाम तोच राहतो, या तत्त्वावर हे चालते. ज्यांचे गुडघे परवानगी देत नाहीत त्यांनी नातवंडांना कामाला लावावे. ती हौसेने करतील. अशी दोन-तीन ठिकाणे सापडतात, आणि ती दोन-तीन असणे पुढच्या मुद्द्यासाठी फार उपयोगाचे आहे.

तो मुद्दा भिंतीचा. विटांची भिंत बोलण्याचा आवाज बऱ्यापैकी अडविते, पण स्वर जितका खालचा तितकी तिची अडवणूक कमी. ढोबळ नियम असा की कंपने निम्मी झाली की अडवणूक सुमारे ६ डेसिबलने घटते. म्हणून भिंतीपलीकडे गाणे पोहोचत नाही, शब्द पोहोचत नाहीत. केवळ धप्-धप् पोहोचते. गाणे ऐकणाऱ्याला त्यात गोडी असते; भिंतीपलीकडच्याला ती एखाद्याने छातीवर बोटे वाजवावीत तशी वाटते. सामायिक ४८ मिनिटांचे. त्या ४८ मिनिटांत समभाव साधावयास बसलेल्या मातुःश्री तक्रार करणार नाहीत, हे मी पत्र वाचूनच सांगू शकतो. त्या जागा बदलतील, वेळ बदलतील, आणि घरात कोणाला कळणारही नाही. शेजारीही प्रथम काही बोलत नाहीत. पुढे जिन्यात बोलणे कमी होते, आणि सोसायटीच्या सभेत पार्किंगच्या विषयावर अनपेक्षित विरोध होतो.

काही सुज्ञ मंडळी मोबाइलवरील आवाजमापक उघडून दाखवितात : पाहा, किती कमी आकडा आहे! या आकड्यावर विसंबू नये. आपल्याकडील ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत; त्यांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री, म्हणजे १० ते सकाळी ६ या वेळेत, ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. परंतु ही मोजणी ‘ए’ पद्धतीची असते. या पद्धतीत खालच्या स्वरांना वजन कमी दिले जाते. ५० हर्ट्झच्या ध्वनीतून मापक सुमारे ३० डेसिबल वजा करूनच आकडा दाखवितो. त्यामुळे आकडा मर्यादेत असूनही शेजारच्या कपाटाची काच थरथरू शकते. नियमाची पूर्तता आणि शेजारधर्माची पूर्तता या येथे दोन वेगळ्या गोष्टी होतात. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड-विरमणाला जे स्थान आहे ते पाहता, आपण कोणत्या मापाने मोजावे, हे वाचकांनी ठरवावे.

उपाय आहेत, आणि ते बहुतेक बिनखर्चाचे आहेत. रांगून सापडलेल्या जागांपैकी जी सामाईक भिंतीपासून दूर असेल ती निवडावी, मग ती थोडी उणी असली तरी चालेल. पेटी सोफ्याच्या शेजारीच ठेवता आली तर फारच उत्तम. कानाजवळ असल्याने कमी आवाजात काम भागते. पेटीखाली जाड रबर किंवा फोमची गादी घालावी. तिने जमिनीतून जाणारा कंप कमी होतो, हवेतून जाणारा नव्हे, एवढे ध्यानात असावे. रिसीव्हरमध्ये वा साउंडबारमध्ये ‘नाइट मोड’ असल्यास रात्री तो चालू ठेवावा. आणि पेटी आल्याच्या पहिल्या रविवारी एकाने नेहमीचे गाणे लावावे, दुसऱ्याने आईच्या खोलीत दार लावून बसावे, तिसऱ्याने शेजाऱ्यांकडे चहाला जावे. दोन्हीकडे धप्-धप् थांबेपर्यंत बटण मागे आणावे आणि तेथे रंगाचा ठिपका द्यावा. सामायिकाच्या वेळी मात्र ठिपक्याचाही आधार घेऊ नये. पेटी भिंतीवरील बटणापाशीच बंद करावी.

जोडणीबाबत थोडक्यात. स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला, म्हणजे ‘अ‍ॅक्टिव्ह’ सबवूफरच घ्यावा. आपल्या रिसीव्हरच्या वा साउंडबारच्या पाठीमागे ‘सब आउट’ असे छिद्र आहे की नाही, ते आधी पाहावे. अनेक साउंडबारना फक्त त्यांच्याच कंपनीची पेटी चालते. घरात जुना दोन स्पीकरांचा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर स्पीकरच्या तारा थेट जोडता येतील अशी सोय सबवूफरवर असावी. कोणत्या स्वराखाली पेटीने काम सुरू करावे हे ठरविणारे बटण ८० च्या आसपास, छोटे स्पीकर असतील तर थोडे वर ठेवावे. ‘फेज’चे बटण दोन्हीकडे करून ज्यात खर्ज भरीव वाटेल तेथे सोडावे.

पत्रलेखकांच्या बाबतीत माझा स्पष्ट सल्ला असा : बारा इंची पेटी घेऊ नये. आठ किंवा फार तर दहा इंची, शक्यतो बंद पेटी, निव्वळ पल्ला ४० हर्ट्झच्या आसपास सुरू होणारी. पंचवीस हजार संपविलेच पाहिजेत असे नाही. जे उरेल त्यातून समोरचे दोन स्पीकर सुधारले तर चिरंजीवांनाही फरक अधिक कळेल, कारण बहुतांश संगीत त्या दोन स्पीकरांतूनच येते.

पैसे देताना दोन गोष्टी. ‘नो कॉस्ट ईएमआय’ या शब्दांवर भुलू नये. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले आहे. क्रेडिट कार्डावर बँक व्याज लावतेच, दुकानदार तेवढी सूट देतो. पण त्या व्याजावरील १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क आपल्या खिशातून जाते. रोखीने घेणाऱ्याला तीच सूट मिळेल का, हे विचारून पाहावे, पुष्कळदा मिळते. दुसरी गोष्ट, बिल पेढीच्या नावाने फाडून जीएसटीचे क्रेडिट घेण्याचा मोह होतो. वैयक्तिक वापराच्या वस्तूंवर हे क्रेडिट केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) अन्वये मिळत नाही. दिवाणखान्यातील सबवूफर दुकानाच्या खरेदीत दाखविणे म्हणजे काही हजारांच्या करासाठी संपूर्ण वर्षाच्या वह्यांवर प्रश्नचिन्ह ओढवून घेणे. बिल घरच्या नावाने घ्यावे, त्यावर पेटीचा अनुक्रमांक लिहवून घ्यावा, आणि परतीची मुदत संपेपर्यंत खोके व थर्माकोल माळ्यावर जपून ठेवावेत.